जुना बाजार पाहावा कसा: वस्तूंची पारख आणि तऱ्हेवाईक विक्रेत्यांची संगत

जुन्या वस्तूंच्या बाजारात बहुतेक माणसे पहिल्यांदा जातात ती घबाड मिळेल या आशेने, आणि त्या आशेला आधार देणाऱ्या हकीकतीही आहेत. १९८९ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲडम्सटाउन येथे अशाच एका बाजारात एका गृहस्थाने केवळ चौकट आवडली म्हणून ४ डॉलरना एक जुने चित्र विकत घेतले. त्या चित्रामागे घडी घालून ठेवलेला कागद म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ मधील पहिल्या छपाईची प्रत निघाली आणि १९९१ च्या लिलावात तिला २४ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. तरीही घबाडाचा ध्यास घेऊन फिरणाऱ्याला बाजार दिसतच नाही, असे माझे ठाम मत आहे. त्याची नजर वस्तूवर न राहता तिच्या संभाव्य किमतीवर राहते आणि वस्तूमागे बसलेला माणूस तर त्याच्या लेखी नसतोच.

वास्तविक या बाजाराचे वैशिष्ट्य असे, की जुनी वस्तू आणि ती जेथून आली ते ठिकाण पाहिलेला माणूस, दोन्ही येथे एका जागी भेटतात. संग्रहालयात वस्तूशेजारी चार ओळींची पाटी असते, लिलावात छापील यादी असते. येथे मात्र ज्याने ते कपाट स्वतः जिन्यावरून खाली उतरवले, तोच त्याच्या मागच्या फळीविषयी सांगायला समोर असतो. म्हणून पुढील मार्गदर्शनात वस्तू पारखण्याच्या खुणा जितक्या तपशिलाने दिल्या आहेत, तितक्याच तपशिलाने विक्रेत्याशी कसे बोलावे हेही सांगितले आहे.

बाजाराची आणि वेळेची निवड

सगळे जुने बाजार एका प्रकारचे नसतात. काही ठिकाणी कायमचे गाळे असतात, निवडलेला माल मांडलेला असतो आणि विक्रेता आपल्या विषयातला तज्ज्ञ असतो. तर काही ठिकाणी रिकाम्या केलेल्या घरांतील सामान खोक्यांतून थेट जमिनीवर ओतलेले असते. पॅरिसच्या उत्तर सीमेवरील सँतुआँचा बाजार आज पहिल्या प्रकारात मोडतो, मात्र त्याचा उगम कचऱ्यात आहे. १८८३ च्या अखेरीस यूजीन पुबेल या प्रशासकाने घरोघरचा कचरा झाकणाच्या डब्यांतच ठेवण्याचा हुकूम काढला. रस्त्यावरच्या कचऱ्यातून चिंध्या आणि भंगार वेचणाऱ्यांच्या पोटावर त्यामुळे पाय आला. शहराच्या तटाबाहेर हटलेल्या या वेचकांनी तेथेच आपला माल मांडायला सुरुवात केली आणि १८८५ हे त्या बाजाराचे जन्मवर्ष मानले जाते. दुसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रुसेल्समधील झ्यो द बाल चौक, जेथे रोज सकाळी दगडी फरसबंदीवर ढीग पडतात.

नवख्या माणसाने आधी निवडक मालाच्या बाजारात जावे आणि मगच ढिगांच्या बाजारात उतरावे, हे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या ठिकाणी चांगली वस्तू कशी दिसते हे डोळ्यांना कळते. ते कळल्याशिवाय ढिगातून काही उचलणे म्हणजे केवळ नशिबाचा खेळ होतो.

दिवस आधी पाहून ठेवावा. लिस्बनचा फैरा दा लाद्रा मंगळवारी आणि शनिवारी भरतो, माद्रिदचा एल रास्त्रो आणि रोमचा पोर्ता पोर्तेझे रविवारी, कॅलिफोर्नियातील रोझ बोलचा बाजार महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, तर फ्रान्समधील लील शहराची प्रचंड जत्रा वर्षातून एकदा सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी. दिवसाइतकीच वेळही महत्त्वाची असते. उत्तम माल पहाटे निघतो आणि तो टिपायला इतर व्यापारी आधीच हजर असतात. स्वस्त भाव आवराआवरीच्या सुमारास मिळतो. परंतु विक्रेत्याशी बोलायचे असेल, तर सकाळची गर्दी ओसरल्यानंतरचे दोन-तीन तास सर्वांत चांगले. माल लावताना किंवा बांधताना कोणालाही गप्पांत अडकवू नये.

सोबत काय न्यावे

दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग, दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक, मोजपट्टी, अतिनील प्रकाशाची खिशात मावणारी विजेरी, सुट्टे पैसे, गुंडाळण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे आणि मजबूत कापडी पिशवी एवढे पुरते. घरातील ज्या जागेसाठी काही हवे असेल, तिची मापे वहीत लिहून न्यावीत, कारण मोकळ्या मैदानावर प्रत्येक कपाट लहान दिसते.

पहिली फेरी

पहिल्या फेरीत शक्यतो काही घेऊ नये आणि वेगाने चालू नये. नजर टेबलाच्या वर जितकी फिरते, तितकीच टेबलाखालच्या खोक्यांतही जायला हवी, कारण विक्रेत्याला ज्याचे महत्त्व वाटले नाही ते तेथे पडलेले असते. एखाद्या वस्तूने मनात घरच केले, तर मात्र हा नियम मोडावा. येथे प्रत्येक वस्तू एकच असते आणि दुसऱ्या फेरीपर्यंत ती राहील याची कोणतीही हमी नसते.

मोठ्या बाजारात डोळे लवकर थकतात आणि मग काहीच दिसेनासे होते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक भेटीसाठी एकच विषय धरणे: आज फक्त कुलुपे पाहायची, पुढच्या वेळी फक्त डब्यांवरची छपाई, त्यानंतर फक्त मापे आणि वजने. कुलुपे वीस ठिकाणी पाहिली, की एकविसाव्या ठिकाणचे कुलूप निराळे का वाटते हे आपोआप जाणवू लागते. विक्रेत्यांनाही असा माणूस आवडतो, कारण ‘सहज पाहतो आहे’ असे म्हणणाऱ्याशी काय बोलावे हे त्यांना कळत नाही, पण ‘मी कुलुपे पाहतो आहे’ म्हणणाऱ्यासाठी ते आतली पेटी बाहेर काढतात.

वस्तू हातात घेतल्यावर

आधी विचारावे, मग उचलावे, आणि दोन्ही हातांनी उचलावे. किटली मुठीने किंवा कप कानाने धरून उचलू नये, कारण जुना सांधा किंवा चिकटवलेला कान नेमका तेथेच निसटतो. वस्तू उलटी करून तिचा तळ पाहणे ही पहिली पायरी आहे. दर्शनी बाजू सगळेच चमकवतात. तळ, पाठ, खणाची आतली बाजू येथे मात्र वय लपवणे कठीण जाते.

धातूच्या बाबतीत लोहचुंबक निम्मे काम करते. पितळ, तांबे, चांदी आणि ॲल्युमिनिअम यांना ते चिकटत नाही. ‘भरीव पितळी’ म्हणून दाखवलेल्या समईला किंवा मुठीला ते घट्ट चिकटले, तर आत लोखंड आणि वर मुलामा आहे असे समजावे. चुंबक चिकटले नाही म्हणजे वस्तू अस्सल ठरली असे मात्र नाही, कारण जस्ताचे ओतकामही त्याला दाद देत नाही. चांदीसाठी ठसे पाहावेत. ब्रिटिश वस्तूंवर चालणारा सिंह हा हजारी ९२५ शुद्धतेच्या चांदीचा ठसा असतो आणि त्याच्या शेजारी तपासणी कार्यालयाची खूण असते: बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. वर्ष दाखवणारे अक्षरही बहुधा असते, आणि भिंगाखाली ते वाचता आले तर निर्मितीचे साल ठरवता येते. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे असलेल्या चमच्यात चांदी केवळ मुलाम्यापुरती असते. तो चमचा टाकाऊ नाही, फक्त त्याला चांदीचा भाव देऊ नये.

चिनीमातीचे भांडे तळहातावर सैल ठेवून काठाला नखाने हलकी टिचकी मारावी. अखंड भांडे घुमते आणि तडा गेलेले बद्द वाजते. तडा डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक असला तरी आवाज तो लपवू शकत नाही. दुरुस्ती लपवण्यासाठी वापरलेला गोंद आणि रंग अतिनील प्रकाशात बहुधा मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. याच विजेरीचा कागदांसाठी फार चांगला उपयोग होतो. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात घालण्यात येणारी द्रव्ये साधारण १९५० नंतर प्रचारात आली, त्यामुळे १९२० चे म्हणून दाखवलेले छायाचित्र किंवा पोस्टकार्ड या प्रकाशात लख्ख निळसर उजळले, तर ते नंतर छापलेले आहे असे समजायला हरकत नाही. काचेच्या काही जुन्या वस्तू हिरव्यागार चमकतात, त्या युरेनियम मिसळलेल्या काचेच्या असतात. असा पेला पहिल्यांदा उजळताना पाहणे हा या छंदातला मोठा आनंद आहे.

लिखित खुणांमधून काळ काढण्याची सवय लावून घ्यावी. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले, त्यामुळे नुसते देशाचे नाव असलेली बशी बहुधा १८९१ नंतरची असते; नाव नसले तर ती त्याआधीची असेलच असे मात्र नव्हे, कारण चिकटवलेली कागदी चिठ्ठी गळून पडलेली असू शकते. ‘व्याप्त जपान’ (म्हणजे युद्धानंतर परकीय सैन्याच्या ताब्यातील जपान) असा उल्लेख १९४५ ते १९५२ या काळाकडे बोट दाखवतो आणि ‘पश्चिम जर्मनी’ १९४९ ते १९९० या काळाकडे. पोस्टकार्डाच्या मागे मजकूर आणि पत्ता यांना विभागणारी उभी रेघ ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत १९०७ पासून आली. त्यापूर्वी संपूर्ण मागची बाजू पत्त्यासाठी राखीव असे आणि लोक चित्राच्या कडेला दोन शब्द कोंबत असत. अशा कोंबलेल्या शब्दांची कार्डे वाचण्यात तास सहज निघून जातो.

लाकडी सामानात खण पूर्ण बाहेर ओढून पाहावा. हाताने कापलेले डव्हटेल सांधे (पंख्यासारखे पसरट दात एकमेकांत अडकवून केलेले) संख्येने थोडे आणि एकमेकांपेक्षा किंचित वेगळे असतात, यंत्राचे सगळे एकसारखे असतात. फळीच्या मागे करवतीच्या सरळ खुणा आहेत की कमानदार, हे पाहावे, कारण कमानदार खुणा गोल करवतीच्या असतात आणि ती एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रुळली. त्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या स्क्रूंना टोकदार अग्र नसे आणि त्यांच्या डोक्यावरची खाच बरेचदा मध्यापासून सरकलेली असे. चार खाचांचा फिलिप्स स्क्रू तर १९३० च्या दशकात आला. मोजपट्टीने करता येणारी एक सुंदर परीक्षाही येथे सांगतो. लाकूड काळाच्या ओघात रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून भरीव लाकडाचे खरोखर जुने गोल टेबल दोन दिशांनी मोजले, तर ते अचूक गोल भरत नाही. छिद्रांतून ताजे, फिकट पीठ पडत असेल तर किडा अजून आत जिवंत आहे, आणि अशी वस्तू कितीही देखणी असली तरी घरातील इतर लाकडाच्या जवळ नेऊ नये.

चित्रांवर भिंग धरावे. सारख्या अंतरावरचे रंगीत ठिपके दिसले तर ती आधुनिक छपाई आहे. कॅमेऱ्याची झडप (शटर) निरनिराळ्या वेगांवर चालवून पाहावी आणि त्याच्या भिंगातून उजेडाकडे पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असेल तर ती काढणे सहसा कॅमेऱ्याच्या किमतीहून महाग पडते. ग्रामोफोनच्या तबकड्या तिरप्या उजेडात धराव्यात. १९४८ मध्ये व्हिनाइलची लाँग प्ले तबकडी बाजारात आली. त्याआधीच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत, त्या पडल्या की फुटतात आणि अल्कोहोलने पुसल्या तर विरघळू लागतात. पुस्तकांचे मात्र थोडक्यात सांगतो: पाने मोजावीत, वास घ्यावा, आणि कसर किंवा ओली बुरशी असेल तर मोह आवरावा.

विक्रेते आणि त्यांच्याशी बोलण्याची रीत

या बाजारांत माल मांडून बसणारी माणसे फार वेगवेगळ्या वाटांनी तेथे आलेली असतात, आणि कोणाला काय विचारायचे हे समजले तर एकाच बाजारात अनेक शाळा भरलेल्या दिसतात.

सर्वांत जास्त भेटतात ते घरे रिकामी करून देणारे. वस्तू नेमकी काय आहे हे त्यांना नेहमी ठाऊक नसते, पण ती कोठून आली हे निश्चित ठाऊक असते. त्यांना ‘हे किती जुने आहे?’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘हे कशासोबत निघाले?’ असे विचारावे. त्या एका प्रश्नातून कळते, की हे विचित्र चिमटे एका घड्याळजीच्या टेबलाच्या खणात होते, आणि मग दुसऱ्या खोक्यात पडलेली बारीक किल्ली आणि तिसऱ्या खोक्यातले झाकण ही त्याच संचाची आहेत हे लक्षात येते. विखुरलेला संच पुन्हा एकत्र करण्याची संधी फक्त त्याच दिवशी असते, कारण संध्याकाळी त्याचे तुकडे चार घरांत गेलेले असतात.

दुसरे असतात छांदिष्ट. हे फक्त कुलुपे, फक्त बटणे, फक्त टाक किंवा फक्त भिंगे विकतात, आणि बहुतेक वेळा स्वतःचा संग्रह वाढवता यावा म्हणूनच विकतात. यांच्याकडे गेल्यावर आपले अज्ञान मोकळेपणाने सांगावे आणि एकच प्रश्न विचारावा: ‘या दोन्हींत फरक काय?’ एरवी अबोल वाटणारा माणूस मग दोन टाक शेजारी ठेवून निबेची चीर दाखवतो, तिसरा काढून नक्कल कशी ओळखावी ते सांगतो, आणि अर्ध्या तासात जे शिकायला मिळते ते सहजासहजी कोठे छापलेले सापडत नाही. यांना विचारण्याजोगा दुसरा उत्तम प्रश्न म्हणजे ‘तुम्ही स्वतःसाठी ठेवलेला नग कोणता?’ त्याच्या उत्तरात त्या विषयातली खरी गुणवत्ता कशाला म्हणतात हे समजते.

दुरुस्त करणारे विक्रेते मला व्यक्तिशः सर्वांत जवळचे वाटतात. बंद पडलेले घड्याळ, अडकलेली शिवणयंत्रे, मुके झालेले रेडिओ यांना त्यांनी आपल्या हातांनी पुन्हा चालते केलेले असते आणि वस्तूच्या पोटात काय आहे हे ते बिनचूक सांगू शकतात. कोणता भाग मूळचा आणि कोणता बदललेला, असे त्यांना सरळ विचारावे. त्याचा त्यांना राग येत नाही, उलट त्या प्रश्नाने त्यांच्या कामाची दखल घेतली जाते.

काहींचा माल मुळी विकण्यासाठी नसतोच. भाव इतका चढा सांगितलेला असतो, की कोणी घेऊ नये. अशा माणसाशी घासाघीस करणे हा त्याचा छळ आहे. ती वस्तू त्याला सोडवत नाही, पण ती इतरांनी पाहावी अशी त्याची इच्छा असते; म्हणून ती मनापासून पाहावी, तिच्याविषयी विचारावे आणि पुढे जावे. काहींची मांडणीच अजब असते: एकजण केवळ निळ्या वस्तू मांडतो, दुसरा आकारानुसार रांग लावतो, त्यामुळे दुर्बिणीशेजारी लाटणे येते. ही मांडणी विस्कटू नये. वस्तू जेथून उचलली तेथेच आणि तशीच परत ठेवण्याचा शिरस्ता पाळणाऱ्याला हे लोक चटकन ओळखतात.

कथेकऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्याकडे प्रत्येक काठीला एखादा सरदार आणि प्रत्येक आरशाला एखादी नटी चिकटलेली असते. त्यांचे बोलणे आनंदाने ऐकावे, कारण सांगण्याची कला ही त्यांच्या धंद्याचाच भाग आहे, परंतु पैसे वस्तूचे द्यावेत. ही हकीकत कोणाकडून कळली, सोबत एखादे पत्र किंवा पावती आहे का, नाव कोठे कोरले आहे का, असे साधे प्रश्न सौजन्याने विचारावेत. कागदाचा आधार असलेल्या हकीकतीचे मोल निराळे आणि नुसत्या हकीकतीचे निराळे. याच्या अगदी उलट टोकाला मौन धरून बसणारे असतात. ते काही सांगत नाहीत, पण तुमचे हात पाहत असतात. वस्तू जपून धरली, उलटी करून योग्य जागी पाहिली, की त्यांच्या तोंडून पहिले वाक्य निघते.

कोणाशीही बोलताना आधी अभिवादन करावे. वस्तूकडे बोट दाखवून थेट भाव विचारणे उद्धटपणाचे वाटते. दुसरे गिऱ्हाईक आले, तर बोलणे तेथेच थांबवून बाजूला व्हावे, कारण तो वेळ विक्रेत्याच्या पोटापाण्याचा आहे. त्याच्यासमोर फोनवर इतर ठिकाणच्या किमती शोधू नयेत, आणि माणसाचे किंवा मालाचे छायाचित्र परवानगीशिवाय घेऊ नये. प्रत्येक गप्पेनंतर काही विकत घेतलेच पाहिजे असे नाही. मात्र भरपूर वेळ घेतला असेल, तर मनापासून आभार मानावेत आणि एखाद्या मित्राला त्याच्याकडे पाठवावे.

भाव ठरवताना

‘याचे काय घ्याल?’ एवढाच प्रश्न पुरेसा असतो. उत्तर आल्यावर आपला आकडा सांगावा, आणि तो फक्त खरोखर देण्याची तयारी असेल तरच सांगावा. विक्रेत्याने होकार दिल्यानंतर मागे फिरणे या बाजारात अक्षम्य मानले जाते, आणि ते योग्यच आहे. वस्तूची निंदा करून भाव पाडण्याची सवय फार वाईट. तडा असेल तर तो दाखवावा, ‘भंगार आहे’ असे म्हणू नये. एकाच विक्रेत्याकडून तीन-चार वस्तू एकत्र घेतल्या, तर सवलत बहुधा न मागताच मिळते. भाव पक्का आहे असे त्याने सांगितले, की तो द्यावा किंवा हसून निरोप घ्यावा.

एक अवघड प्रसंग मात्र विचार करून ठेवण्यासारखा आहे: विक्रेता खूप कमी भाव सांगतो आणि वस्तू खूप मोलाची आहे हे आपल्याला समजते. समोर मुरलेला व्यापारी असेल, तर अंदाज चुकणे हा त्याच्या व्यवसायाचा हिस्सा आहे आणि उद्या तो आपल्यावर मात करील. पण समोर एखादी व्यक्ती आपल्याच आईवडिलांच्या घरातले सामान मांडून बसलेली असेल, तर तिला वस्तूचे मोल सांगणे मला बंधनकारक वाटते.

काय घेऊ नये

काही गोष्टी कितीही स्वस्त मिळाल्या तरी सोडून द्याव्यात. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा निर्णय १९८९ मध्ये झाला आणि निरनिराळ्या देशांत देशांतर्गत विक्रीवरही कडक निर्बंध आहेत; हस्तिदंत, कासवाची पाठ, दुर्मीळ प्राण्यांची कातडी यांच्यापासून दूर राहावे आणि सीमा ओलांडून तर नेऊच नयेत. चोरीच्या मालाचे भय काल्पनिक नाही. पश्चिम व्हर्जिनियातील एका बाजारात ७ डॉलरना घेतल्याचे सांगितलेले रेन्वा या फ्रेंच चित्रकाराचे छोटे निसर्गचित्र हे १९५१ मध्ये बॉल्टिमोरच्या कलासंग्रहालयातून चोरीला गेलेले असल्याचे उघड झाले आणि २०१४ मध्ये न्यायालयाने ते संग्रहालयाला परत दिले. म्हणून महागड्या खरेदीची पावती घ्यावी, ओरखडून काढलेले क्रमांक किंवा पुसलेले ग्रंथालयांचे शिक्के दिसले, तर विचारणा करावी.

आरोग्याच्या दृष्टीने, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची १९७० पूर्वीची घड्याळे उघडू नयेत, कारण त्या रंगात रेडियम असू शकते. जुन्या झिलईच्या भांड्यांत शिसे असण्याचा संभव असल्याने त्यांत आंबट पदार्थ ठेवू नयेत. शोभेसाठी ती खुशाल घ्यावीत. उडू लागलेल्या जुन्या रंगाचे खेळणे मुलांच्या हाती देऊ नये. १९५० च्या आधीच्या चित्रपट-फिती नायट्रेटच्या असू शकतात आणि त्या भयंकर वेगाने पेटतात. वापरलेल्या गाद्यांबद्दल वेगळे सांगायला नकोच.

घरी आणल्यावर

कापड, पुस्तके आणि लहान लाकडी वस्तू प्रथम बंद पिशवीत घालून इतर सामानापासून दूर ठेवाव्यात. किड्यांची शंका असेल, तर हवा काढून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली वस्तू उणे १८ अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस तशीच बंद राहू द्यावी, म्हणजे वस्तूवर दव धरत नाही. रंगवलेली चित्रे, काच जोडलेल्या वस्तू आणि छायाचित्रे यांना हा उपाय करू नये. जुन्या विजेच्या उपकरणाची पिन भिंतीतल्या खाचेत घालून पाहण्याचा मोह टाळावा. आतले आवरण झडलेले असते आणि काही भागांत विद्युतभार साठून राहू शकतो, म्हणून ते आधी जाणकाराला दाखवावे.

साफसफाईत हात राखून काम करावे. मऊ ब्रशने धूळ झटकणे बहुतेक वेळा पुरते. नाणी तर कधीच घासू नयेत, आणि पितळेवर किंवा लाकडावर वर्षानुवर्षांच्या हाताळणीने चढलेली झिलई एका दुपारी चकचकीत करून टाकली, तर ती कोणालाही परत आणता येत नाही. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड तांब्या-काशावर पुन्हा पुन्हा येत असेल, तर मात्र तो चालू असलेला क्षय आहे आणि वस्तू कोरड्या जागी वेगळी ठेवून तज्ज्ञाला विचारावे.

शेवटचे काम नोंदीचे. ती वस्तू कोठे, केव्हा, कोणत्या प्रकारच्या विक्रेत्याकडून घेतली, ती कोणत्या सामानासोबत निघाली होती आणि त्याने काय सांगितले, हे त्याच संध्याकाळी एका चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवावे. खात्रीची माहिती आणि ऐकीव माहिती वेगवेगळ्या ओळींत लिहावी. वस्तू पुढे कोणाला दिली, तर चिठ्ठीही द्यावी. नंतर वाचून किंवा विचारून तुम्हाला नवे काही समजले, उदाहरणार्थ त्या विचित्र चिमट्यांचा उपयोग, तर पुढच्या भेटीत ते विक्रेत्याला जाऊन सांगावे. त्याच्याकडे तसेच दुसरे चिमटे पुन्हा येतात, आणि तेव्हा कोणाला हाक मारायची हे त्याला ठाऊक असते.